बारोनेझाचं तोंड

२४ ऑगस्ट, रविवार

एसी बसला. आमच्या गल्लीत पहिला. बसवणारा म्हणाला, "दोना ओस्कारीना, चोवीसवर ठेवा, पुष्कळ होतं." मी म्हटलं, "चोवीसला कोण विचारतं बाबा, सतरावर लाव." तासाभरात घर असं गार पडलं की मी माझ्या गेलेल्या नवऱ्याचा, अमाडेऊचा, जुना स्वेटर काढून घातला. बेलेंसारख्या उकाड्याच्या शहरात स्वेटर घालून बसलेली बाई मी एकटीच असेन. मग उगाचच दोनदा दारात जाऊन उभी राहिले. दिसू दे की लोकांना.

हे सगळं नणंदबाईंसाठी. लेओनोर साओ पाउलोहून सिरियोच्या जत्रेला येणार, पाच वर्षांनी. मागच्या खेपेला माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून पुठ्ठ्याने वारा घेत म्हणाली होती, "वहिनी, तुमच्याकडे माणसं जगतात तरी कशी?" ते मी विसरलेली नाही.

बारोनेझाची पेटी एसीच्या बरोबर खाली ठेवली. अमाडेऊच्या पिठाच्या गोदामात उंदीर मारून तिने वर्षं काढली, आता तिनेही थोडी चैन करावी. दोन मीटरची बोआ सापीण आहे, अकरा वर्षांची, परवाना असलेल्या माणसाकडून घेतलेली. सरकारदरबारी तिची नोंद आहे, कातडीखाली नंबर आहे. माझा जन्मदाखला अजून सापडत नाही, हिचा मात्र फाइलमध्ये आहे.

ही वही खरं तर औषधी स्नानांच्या कृतींची. पुढून कृती, मागून माझं मन. बाजारातल्या क्लोतिल्जीच्या हाती लागली तर दोन्ही बाजूंनी माझं वाटोळं.

३१ ऑगस्ट, रविवार

बारोनेझा हट्टाला पेटलीय. आठवड्यात तिसऱ्यांदा पेटीची जाळी ढकलून फ्रिजच्या मागे जाऊन बसली, मोटर तापते तिथे. धरून ओढून काढली. "महाराणी, भाजून निघशील तिथे," म्हटलं आणि पुन्हा गारव्यात नेऊन ठेवली. सुख सोसत नाही काहींना.

बाजारात माझ्या एसीची चर्चा. क्लोतिल्जीचा गाळा माझ्यापासून तिसरा. सहा वर्षं आम्ही बोलत नाही, जे काय बोलायचं ते गिऱ्हाइकांमार्फत. आज ती एका बाईला पाला बांधून देताना मोठ्याने म्हणाली, "जन्मभर डोकं गरम, आणि म्हातारपणी घर गार करायला निघाल्यात." ती बाई माझ्याकडे आली तेव्हा मी म्हटलं, "सांगा तिकडे, डोकं माझं आहे, वीजही माझीच आहे." बाईने पाला घेतला आणि काढता पाय घेतला.

६ सप्टेंबर, शनिवार

बारोनेझाने उंदीर नाकारला. मागच्या खेपेलाही नाकारला होता, तेव्हा वाटलं कात टाकणार असेल. कातीचा पत्ता नाही. ओठाच्या कडेला लाळेचे बुडबुडे दिसतात, चिकट. नाक पेटीच्या जाळीवर घासत बसते.

८ सप्टेंबर, सोमवार

आज तिचं तोंड उघडून पाहिलं. लाकडी चमच्याच्या चपट्या टोकाने ओठ वर केला. हिरड्यांवर लाल ठिपके, टाचणी टोचावी तसे, आणि दातांच्या रांगेला पिवळट घट्ट काहीतरी चिकटलेलं. बारोनेझाला तोंड आलंय.

एवढंच ना. एक्केचाळीस वर्षं मी याच बाजारात बसून लोकांचे घसे, तोंडं, सांधे, संसार दुरुस्त केलेत. नवरा परत यावा म्हणून स्नान, नोकरी लागावी म्हणून स्नान, आणि घशाला अंदिरोबाचं कडू तेल नि मध. बेलेंमधल्या अर्ध्या माणसांच्या घशात लहानपणी माझं बोट गेलेलं आहे. सापाचं तोंड काय वेगळं असणार? कापसाने तेल-मध लावलं. तिने डोकं वळवलं. तेल कडूच असतं, पोरंही तोंड फिरवायची.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पाच दिवस झाले, दिवसातून तीन वेळा तेल. वरचा ओठ सुजलाय, तोंड पुरतं मिटत नाही. श्वास घेताना नाकातून बुडबुडा येतो आणि शिट्टीसारखा आवाज. घाण बाहेर पडतेय. औषध लागू पडलं की आधी असंच होतं.

आज पुन्हा फ्रिजमागे होती. काढली. या वेळेला तिने अंगही आवळलं नाही, ओल्या दोरासारखी हातात आली. मला ते आवडलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

कापसाबरोबर तिचा दात आला. सुईएवढा, वाकडा. आणि वास. मी कापूस हातात घेऊन खाली फरशीवर बसले ती बराच वेळ उठलेच नाही.

खरं लिहिते. मला भीती वाटतेय. अमाडेऊ गेला तेव्हा माणसं आली, रडली, जेवली, गेली. ही राहिली. सकाळी कॉफी पिताना मी बोलते आणि ती जीभ काढून हवा चाखते. साप बहिरा असतो म्हणतात. म्हणूनच टिकली असेल माझ्यापाशी.

चर्चमधल्या देवीला नवस बोलले. बारोनेझाचं तोंड बरं झालं तर सिरियोच्या मिरवणुकीत अनवाणी चालेन आणि तिच्या तोंडाची प्रतिकृती डोक्यावर नेईन. लोक मेणाचे पाय नेतात, हात नेतात, काळीज नेतात. मी तोंड नेईन.

पण देवीलाही कुणाचे तरी हात लागतात. आणि या शहरात सापाच्या तोंडात हात घालणारी डॉक्टर एकच, योलेनी. क्लोतिल्जीची मुलगी.

आता ते लिहायलाच हवं. योलेनीच्या बाप्तिस्म्याला तिला हातात मी धरलं होतं. मी तिची धर्ममाय. ती डॉक्टर झाली तेव्हा क्लोतिल्जीने मोठं जेवण दिलं. बदक, कोळंबी, सगळा बाजार जेवायला. मला वाटत होतं पोरगी माणसांची डॉक्टर होतेय. ती शिकत होती तोवर मी बाजारभर तसंच सांगत होते. तिथे कळलं की गुराढोरांची. आणि भरल्या टेबलावर मी म्हणाले, "एवढं शिकलीस ते जनावरांची तोंडं धुवायला?" लोक हसले. मीही हसले. क्लोतिल्जीने माझ्यापुढचं ताट उचललं आणि आत नेलं. मी अर्धंही खाल्लं नव्हतं.

चूक माझी नव्हती. सांगायला हवं होतं त्यांनी आधी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

गेले. बारोनेझाला उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्रा टोपलीत, वर पुदिना. बसमध्ये शेजारची बाई म्हणाली, "छान वास येतोय." मी म्हटलं, "हो, ताजा आहे."

योलेनी दारात आली आणि पहिलं वाक्य, "आशीर्वाद द्या, धर्ममाय." सहा वर्षांनंतर. मी म्हणणार होते की पोरी, त्या दिवशी माझी जीभ घसरली. तोंडातून निघालं, "कोट केवढा चुरगळलाय तुझा."

"इस्त्रीवालीचा हात तुमच्या जिभेसारखा आहे, घाईचा," ती म्हणाली आणि हातमोजे चढवले. तिने बारोनेझाचं तोंड उघडून आत पाहिलं. मग विचारलं, "काय लावलंत?"

"काही नाही."

"धर्ममाय, अंदिरोबाचा वास रस्त्यापर्यंत येतोय."

"थोडंसं."

"आणि मध?"

"मध किती लागतो त्याला."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, सापाला खोकता येत नाही, तेल श्वासनळीत उतरलं की छातीत बसतं, आणि हे पिवळं म्हणजे पू आहे, वाळून घट्ट झालेला, तो अलगद काढावा लागतो. छातीचा नि जबड्याचा फोटो काढला. हाडापर्यंत गेलेलं नाही, पण एका बाजूला अगदी कडेला आलंय. हाडात गेलं तर आपल्या हातात राहत नाही, म्हणाली. पुवाचा नमुना तपासायला पाठवला. मग एकेक दात जपत तिने घाण काढली, पातळ चहाच्या रंगाचं औषध करून डोकं खाली धरून तोंड धुतलं, आणि मानेपासून थोडं पुढे सुई दिली. दर तिसऱ्या दिवशी एक सुई. तोपर्यंत जबरदस्तीने खायला घालायचं नाही.

जाताना तिने विचारलं, "उबेत असते ना ही?"

"अगं, बेलें आहे हे. इथे दगडाला घाम फुटतो."

ती हसली, मीही हसले. तिने कागदावर खूण केली.

जनावरांची तोंडं धुण्याचं काम मी आज पहिल्यांदा जवळून पाहिलं. तिचे हात माझ्यासारखे आहेत. माझ्यापेक्षा सावकाश.

२४ सप्टेंबर, बुधवार

रोज दोनदा मी तोंड धुते, तिने दाखवलं तसं. तिसरी सुई झाली. योलेनी म्हणाली, "हात चांगला आहे तुमचा, धर्ममाय. माझ्या मदतनिसापेक्षा बरा." घरी येताना मी बसमध्ये उभी राहिले, बसायचं सुचलंच नाही.

पण बारोनेझा सुधारत नाही. घाण काढते, दोन दिवसांत पुन्हा जमते. योलेनी कपाळाला आठ्या घालून पाहते.

मिरितीच्या हलक्या लाकडाची खेळणी करणाऱ्या ओनेझिमोला तोंड बनवायला सांगितलं. म्हातारा म्हणतो, "चित्रांत देवी सापाच्या डोक्यावर पाय देऊन उभी असते, आणि तुम्ही त्याच सापाचं तोंड तिच्याकडे नेणार?"

"इतकी वर्षं पायाखाली साप घेऊन उभी आहे," मी म्हटलं, "तिच्याइतकं सापाचं दुखणं कुणाला कळणार? आणि हे अख्खं शहर मोठ्या सापाच्या पाठीवर बसलंय म्हणतोस ना? उद्या त्याला तोंड आलं तर कुठे जाशील?"

"आतून कुठला रंग देऊ?" ओनेझिमोने विचारलं.

"गुलाबी. निरोगी."

२७ सप्टेंबर, शनिवार

कालपासून वीज नाही. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला. घराची भट्टी झालीय, मी ओलं फडकं डोक्यावर घेऊन लिहितेय.

पण बारोनेझा! सकाळी पेटीतून स्वतः निघाली, खिडकीखालच्या उन्हाच्या पट्ट्यात जाऊन पसरली. पाणी प्यायली. जीभ आतबाहेर, पूर्वीसारखी. सुईसाठी नेली तर योलेनीच्या मनगटाला असा वेढा दिला की ती खुश झाली. "लागू पडतंय," म्हणाली.

लागू पडतंय ते माझा नवस. पण हे तिला सांगितलं नाही, पोरीचंही मन राहू दे.

३० सप्टेंबर, मंगळवार

रविवारी वीज आली, देवीची कृपा. दोन दिवसांची कसर म्हणून एसी सोळावर ठेवला. बारोनेझालाही त्रास झाला असेल उकाड्याचा, पेटी आणखी जवळ सरकवली.

आज ती पुन्हा ओल्या दोरासारखी. हिरडीवर नवी पिवळी रेघ. योलेनीने नमुन्याचा अहवाल पुन्हा पुन्हा वाचला. "औषध बरोबर आहे. याच औषधाने हे जंतू मरायला हवेत." मग म्हणाली, "शुक्रवारी मीच घरी येते. कुठे राहते ते बघू दे."

घर तीनदा झाडलं. बघू दे तिला, तिच्या धर्ममायचं घर कसं आहे ते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

योलेनी आली. उंबरा ओलांडला आणि थांबली. अंगावर काटा आला होता, मला दिसला. मी अभिमानाने म्हटलं, "सोळा."

तिने माझ्या स्वेटरकडे पाहिलं. मग एसीकडे. मग खाली पेटीकडे. गुडघ्यावर बसून बारोनेझाच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसली.

"हे कधी घेतलंत?"

"चोवीस ऑगस्टला."

"आणि हिने खाणं कधी सोडलं?"

मी तोंड उघडलं, पण उत्तर मोजता मोजताच मला कळलं. तिने काही सांगायच्या आधी. फ्रिजची मोटर. ती उबेला जात होती. आजारी, तोंड आलेली, सरपटत सरपटत उबेला जात होती आणि मी तिला महाराणी म्हणत धरून ओढून आणत होते. किती वेळा? मी वहीत फक्त काही वेळा लिहिलंय.

"सापाला स्वतःची ऊब नसते, धर्ममाय," योलेनी हळू म्हणाली. "बाहेरची मिळाली तर अंग दुखण्याशी झगडतं. गार पडली की जखम भरत नाही, औषधही नीट पोचत नाही."

"वीज गेली होती तेव्हा..."

"हो. तेव्हा बरी होत होती."

मी पेटीपाशी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, "चूक माझीपण आहे. पहिला प्रश्न हाच असतो. पण बेलेंमध्ये सापाला थंडी वाजेल हे माझ्याही डोक्यात आलं नाही. मी हसून खूण करून टाकली."

पोरीने अर्धी चूक उचलली ती मला एकटीला पेलणार नाही म्हणून. एवढं मला कळतं. मला त्या भरल्या टेबलावर तिची अर्धी काय, पाव लाजही उचलता आली नव्हती.

तिने सांगितलं, पेटीखाली ऊब देणारी चटई टाकू, वर पांघरूण, पाहुण्यांसाठी एसी चालवा हवं तर. मी म्हटलं, "खोली एक आहे. श्वास ती हाच घेणार." आणि उठून स्वतःच्या हाताने प्लग काढला. स्वेटर घडी करून अमाडेऊच्या ट्रंकेत ठेवला.

निघताना योलेनीच्या चष्म्यावर बाहेरच्या दमट हवेची वाफ धरली. आंधळ्यासारखी उभी होती पायरीवर. मी माझ्या ॲप्रनच्या टोकाने तिचा चष्मा पुसून दिला. त्या दिवसाबद्दल बोलायचं होतं. पुन्हा राहिलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

पाच दिवसांत नवी घाण नाही. सूज उतरतेय. आज तोंड धुताना हिरडी दिसली, गुलाबी, दोन जागा सोडल्या तर सगळी गुलाबी. तोंड पुरतं मिटतं. मी ते मिटलेलं तोंड कितीतरी वेळ पाहत बसले. इतकं सुंदर मिटलेलं तोंड मी माझ्या आयुष्यात कमी पाहिलंय, आरशात तर नाहीच.

सिरियोच्या जेवणाची मनिसोबा, कसाव्याच्या पाल्याचं कालवण, चुलीवर चढून तीन दिवस झाले. पाला सात दिवस शिजायला हवा, नाहीतर विष. घर आता फ्रिजमागच्यापेक्षा गरम आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

लेओनोर आली. आत पाऊल टाकलं, भिंतीवर एसी पाहिला, चेहरा खुलला. "अगंबाई वहिनी, एसी! लावा ना."

"नाही लावायचा."

"बिघडलाय?"

"घरात आजारी आहे."

"कोण?"

मी दाखवली. बारोनेझा बंद एसीवर चढून गुंडाळी करून बसली होती, तिच्यासाठीच बनवलेल्या फडताळावर बसावं तशी. लेओनोर दाराशीच थांबली. मी तिला पुठ्ठा आणून दिला.

दीड महिना मी या क्षणाची वाट पाहिली होती. तो असा आला, आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार. सिरियो

पाय सोलवटलेत. टबात पाणी घेऊन लिहितेय, अक्षर हलेल.

पहाटेपासून चालले, अनवाणी, डोक्यावर ओनेझिमोने केलेलं तोंड. हातभर लांब, उघडलेलं, आत गुलाबी, सगळे दात जागेवर. एक दात कमी करायला हवा होता खरं तर. लोक वळून बघत होते. डोक्यावर नवसाच्या विटा, छोटी घरं, होड्या घेतलेले लोक, आणि त्यांच्यामध्ये मी.

मंडईच्या कोपऱ्यावर गर्दीने कुणालातरी माझ्या अंगावर ढकललं. क्लोतिल्जी. हातात मेणाचा गुडघा, तिचा डावा नेहमीच दुखतो. मागे गर्दी, पुढे गर्दी, सरकायला जागा नाही. दोन चौक आम्ही खांद्याला खांदा लावून चाललो. शेवटी तिने वर पाहिलं.

"कुणाचं तोंड?" सहा वर्षांतला पहिला शब्द, मधे गिऱ्हाईक नसलेला.

"बारोनेझाचं," मी म्हटलं. मग आणखी थोडं चालून, "आणि माझं."

तिने पुन्हा एकदा वर पाहिलं. "मग लहान झालं," म्हणाली. "तुझ्या मापाचं करायला अख्खं झाड लागलं असतं."

मी इतकी हसले की डोक्यावरचं तोंड घसरलं. तिनेच एका हाताने सावरलं. तसंच धरून चालली, चर्चपर्यंत.

जेवायला तिला आणि योलेनीला घेऊन आले. टेबलाशी अकरा जण. लेओनोर, तिची माणसं, शेजारी, ओनेझिमो. सगळे घामाने निथळत होते, आणि वर एसीवरून बारोनेझा जीभ काढून मनिसोबाचा वास घेत होती. लेओनोरने पुठ्ठ्याने वारा घेत योलेनीला विचारलं, "तू काय करतेस गं?"

योलेनीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी तिच्या आधी उभी राहिले. चमचा पेल्यावर वाजवला, सगळे गप्प होईपर्यंत.

"ही योलेनी, माझी धर्मलेक," मी म्हटलं. "डॉक्टर आहे. जनावरांची तोंडं धुते. ज्यांना आपलं दुखणं सांगता येत नाही त्यांची. त्या वरच्या बाईचं तोंड हिने धुतलं, म्हणून ती जिवंत आहे. सहा वर्षांपूर्वी हेच मी एका टेबलावर हसत म्हणाले होते. तेव्हा मला अक्कल नव्हती."

कुणी हसलं नाही. योलेनी चष्मा काढून पुसायला लागली, आज त्याच्यावर वाफ नव्हती तरी.

क्लोतिल्जी उठली. मला वाटलं, झालं, माझं ताट पुन्हा गेलं. तिने खरंच माझ्यापुढचं ताट उचललं आणि चुलीकडे गेली. मग ते काठोकाठ भरून आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"त्या दिवशी अर्धं राहिलं होतं तुझं," म्हणाली. "जेव आता."